एकधारी वस्तऱ्याची हकीकत

आमच्या स्नानगृहातील फळीवर पितळेचा एक जुना वस्तरा आहे. त्यावरील निकेलचा मुलामा ठिकठिकाणी उडाला आहे आणि डोक्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘जेम मायक्रोमॅटिक’ असे कोरलेले आहे. पहाटेच्या मिस्सेपूर्वी आम्ही त्यानेच दाढी करतो. हा वस्तरा आमच्या धाकट्या काकांचा. काका मालवाहू बोटीवर नोकरीला होते. 1961 साली त्यांची बोट न्यूयॉर्कला लागली असता ब्रुकलिनच्या धक्क्याजवळ एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांनी तो विकत घेतला आणि पुढची पन्नास वर्षे जपून वापरला.

आमचे वडील मात्र शेतकरी. त्यांची दाढी दर बुधवारी व शनिवारी गावचा न्हावी करीत असे. तो धोकटी घेऊन ओट्यावर येई, पितळी वाटीत पाणी घेई आणि वडिलांची हनुवटी दोन बोटांत धरून मान मागे कलती करी. त्याच्या वस्तऱ्याखाली वडील गप्प बसत. एरवी ते कोणाचेही ऐकून घेणारे नव्हते! काका रजेवर घरी आले की स्वतःची दाढी स्वतः करीत, आणि तेही रोज. याची आळीत थोडी थट्टा होई. “धाकटा साहेब झाला,” असे वडील म्हणत. पण काका दाढी करू लागले की तेही कामे सोडून बघत उभे राहत.

स्वतःच्या हाताने, गळा न कापता दाढी करता यावी, या साध्या इच्छेचा इतिहास बराच लांबचा आहे. अठराव्या शतकात पॅरिसमधील झां-झाक पेरे या चाकूकात्र्या घडविणाऱ्या कारागिराने उघड्या वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आवरण घातले आणि फक्त धारेची कड बाहेर ठेवली. सुताराच्या रंध्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. 1847 मध्ये विल्यम हेन्सन या इंग्रजाने पाते मुठीला आडवे बसविले, म्हणजे वस्तऱ्याला कुदळीचा आकार दिला. आज आपण ज्याला सेफ्टी रेझर म्हणतो त्याची ठेवण येथून सुरू होते. वाफेवर चालणारे विमान बांधण्याचा घाट घालणारा हेन्सन तो हाच. विमान काही उडाले नाही. कुदळ मात्र टिकली.

तथापि या कल्पनेचा खरा धंदा उभा राहिला तो न्यूयॉर्कमध्ये. फ्रेडरिक, रिचर्ड आणि ऑटो काम्फे हे जर्मनीहून आलेले तिघे भाऊ. त्यांनी 1880 साली पेटंट घेतले आणि आपल्या वस्तऱ्याला ‘स्टार’ असे नाव दिले. उघड्या वस्तऱ्याच्या पात्याचा जेमतेम दीड इंचाचा तुकडा घ्यावा, तो एका छोट्या डबीसारख्या डोक्यात बसवावा, धारेपुढे धातूचा दातेरी कठडा ठेवावा आणि काढलेला फेस डबीतच साठू द्यावा, अशी ती रचना होती. कठड्यामुळे धार कातडीत रुतत नसे. पाते पाठीकडे जाड आणि धारेकडे निमुळते, पाचरीसारखे. एकच धार असल्यामुळे त्याला सहाणेवर लावता येई आणि चामड्याच्या पट्ट्यावर परजता येई.

या ‘स्टार’ची सर्वांत मोठी जाहिरात एका वृद्ध ग्रंथकाराने केली. बोस्टनचे डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स 1886 मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा त्यांच्यापाशी हा वस्तरा होता. समुद्रावर डुलणाऱ्या बोटीत उघड्या वस्तऱ्याने दाढी करणे म्हणजे जिवाशी खेळ. परंतु या छोट्या यंत्राने ती निर्धास्तपणे करता येते, याचे त्यांना इतके कौतुक वाटले की पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्यांनी त्याची मनमोकळी स्तुती केली. काम्फे बंधूंनी त्या स्तुतीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. आमच्या काकांनी होम्सचे नावही ऐकले नव्हते. पण वस्तरा का घेतला, असे आम्ही लहानपणी विचारले तेव्हा त्यांचे उत्तर तेच होते: “बोट हलते रे, बाबा!”

त्या काळी वस्तरा ही एकदा घेऊन जन्मभर सांभाळायची वस्तू होती. हौशी गृहस्थ सात पात्यांचा संच घेत. प्रत्येक पात्यावर आठवड्याच्या एकेका वाराचे नाव कोरलेले असे. रविवारचे पाते जरा अधिक परजून ठेवीत असावेत, असा आमचा आपला तर्क!

हा सांभाळ मोडीत निघाला तो किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्यामुळे. बाटलीच्या बुचाचा शोध लावणारे विल्यम पेंटर यांनी त्याला सल्ला दिला होता की, गिऱ्हाईक वापरून फेकून देईल आणि पुन्हा घ्यायला येईल अशी वस्तू शोध. जिलेटने कागदासारखे पातळ, दोन्ही कडांना धार असलेले पाते योजले, आणि विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते प्रत्यक्षात उतरविले. 1903 मध्ये त्यांचे केवळ 51 वस्तरे खपले. पुढच्याच वर्षी नव्वद हजारांवर गेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी 35 लाख जिलेट वस्तरे आणि तीन कोटींहून अधिक पाती घेतली. सैनिक घरी परतले ते त्या पात्याची सवय घेऊनच.

एकधारी वस्तरेवाले गप्प बसले नव्हते. जिलेटचा वस्तरा पाच डॉलरचा, तर ‘एव्हर-रेडी’ बारा पात्यांसह एका डॉलरला मिळत असे. त्यांनीही पाचरीसारखे घडीव पाते सोडून पोलादी पत्र्याचे, पाठीवर दुमडलेली पट्टी असलेले स्वस्त पाते काढले. ‘जेम’, ‘एव्हर-रेडी’ आणि ‘स्टार’ ही तिन्ही नावे 1919 च्या सुमारास ब्रुकलिनच्या अमेरिकन सेफ्टी रेझर कंपनीच्या छत्राखाली आली. सकाळी दाढी केलेल्या गालावर संध्याकाळी जी काळसर छटा दिसते, तिला ‘पाच वाजताची सावली’ हे नाव लोकांच्या तोंडी बसविले ते 1930 नंतरच्या ‘जेम’च्या जाहिरातींनी. नाव भाषेत राहिले, वस्तरा मागे पडला. 1954 मध्ये कंपनी ब्रुकलिन सोडून व्हर्जिनियातील व्हेरोना येथे गेली. म्हणजे काकांनी धक्क्याजवळ वस्तरा घेतला तेव्हा तो जेथे जन्मला तो कारखाना तेथून हलल्याला सात वर्षे झाली होती.

एकधारी वस्तरा हरला तो कामात कमी पडला म्हणून नव्हे, असे आमचे प्रामाणिक मत आहे. दुधारी पाते मिलिमीटरच्या दशांशाइतके पातळ असते आणि वाकवून बसवावे लागते. एकधारी पाते त्याच्या दुपटीहून जाड, ताठ. दाट राठ दाढीवर ते थरथरत नाही. केस कापले जाताना एक बारीक करकर ऐकू येते, तिच्यावरूनच काम कोठे झाले आणि कोठे राहिले ते कळते.

कोणाला असा वस्तरा मिळवावासा वाटला, तर आमचे चार अनुभवाचे बोल. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर आम्ही काही वेळा शोध घेतला. तेथे आम्हांला ‘जेम’ फार क्वचित दिसले. इंग्रजी ‘रोल्स रेझर’च्या चकचकीत पेट्या दिसल्या. तोही एकधारीच: पेटीच्या एका झाकणात सहाण, दुसऱ्यात चामडे, आणि मूठ मागेपुढे ओढली की पाते आपोआप परजले जाते. (ती कंपनी पुढे धुलाईयंत्रांच्या नादी लागली आणि 1964 मध्ये बुडाली.) वस्तरा घेताना मुलाम्याकडे पाहू नये. पात्याच्या दोन्ही कोपऱ्यांना अडविणारे बारीक खुंट शाबूत आहेत का, ते पाहावे. ते झिजलेले असले तर पाते तिरके बसते आणि गाल कापतो. झाकण घट्ट मिटते का, मुठीला चीर गेली आहे का, तेही तपासावे. घरी आणल्यावर कोमट पाणी, साबण आणि जुना दात घासायचा ब्रश एवढे पुरे; तारेच्या काथ्याने घासल्यास उरलासुरला मुलामाही जातो.

पाती आजही तयार होतात, पण परदेशातून मागवावी लागतात. भिंतीचा रंग खरवडायची पाती दिसायला तशीच असतात. ती गालावर चालवू नयेत. आम्ही एकदा हा प्रयोग केला आणि त्या रविवारी हनुवटीला पट्टी लावून प्रवचन दिले. पुढल्या बाकावरची मुले प्रवचन सोडून पट्टीकडेच पाहत होती!

वापरण्याची रीतही वेगळी. जिलेटच्या सवयीने मूठ खाली झुकवू नये. वस्तऱ्याचे सपाट डोके गालावर टेकवावे आणि तसेच, भार न देता, खाली ओढावे. मूठ चेहऱ्यापासून बरीच दूर राहते. दाब दिला की रक्त आलेच. गंमत अशी की आपल्याकडील सलूनमध्ये आता कारागीर दुधारी पाते मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग वस्तऱ्यात बसवितात. एड्सच्या भीतीने गिऱ्हाईकागणिक नवे पाते घेण्याची चाल पडली, आणि दुधारी पाते पुन्हा एकधारी झाले.

2011 च्या पावसाळ्यात काका अंथरुणाला खिळले. उजवा हात निकामी झाला होता. शनिवारी आम्ही घरी गेलो की ते डाव्या हाताने फळीकडे खूण करीत. रविवारी ख्रिस्तप्रसाद घरी येणार, त्याआधी दाढी झालीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. न्हाव्याला बोलावू का, असे आम्ही विचारले तर मान हलवून नाही म्हणाले. मग आम्हीच फेस केला. दुसऱ्याच्या गालावर वस्तरा चालविण्याची आम्हांला सवय नव्हती, हात कापत होता. काकांनी डाव्या हाताने आमचे मनगट धरले आणि वस्तऱ्याचे डोके आपल्या गालावर सपाट टेकविले. मग हात सोडून डोळे मिटले. वडील न्हाव्यापुढे बसत तसेच ते गप्प पडून राहिले.

असे अकरा शनिवार झाले. पाती ते मेणकागदात गुंडाळून, खोबरेल तेलाचे बोट लावून पत्र्याच्या डबीत ठेवीत. त्यांच्यामागे डबी उघडली तेव्हा आत सहा पाती होती. एकावरही गंज नव्हता. पाच आम्ही वापरली. सहावे अजून मेणकागदातच आहे.