मोटारीचा आकडा आणि रस्त्यावरचा हिशेब

नवी मोटार दारीं आली कीं, पेढा हातीं पडण्यापूर्वींच पाहुणा विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" श्रोतेहो, या एका आकड्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे, कारण पेट्रोल व वीज या दोहोंच्या बळावर चालणाऱ्या संकरित, म्हणजे हायब्रीड, गाड्या आल्या आणि हा आकडा चांगलाच डगमगूं लागला.

ही कल्पना मात्र कालपरवांची नव्हे. इ. स. १९०० मध्यें व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यासाठीं फर्डिनंड पोर्शे या तरुण यंत्रज्ञानें इंजिनानें वीज निर्माण करून ती चाकांतील मोटरींना पुरविणारी गाडी बनविली. तिचें नांव 'सेम्पर व्हीव्हुस', म्हणजे 'सदा जिवंत'! पुढें पेट्रोल स्वस्त झालें आणि ही सदा जिवंत गाडी विस्मृतींत गेली. १९७३ च्या तेलटंचाईच्या सुमारास व्हिक्टर वूक या अमेरिकन संशोधकानें एका ब्यूईक गाडीचें असेंच रूपांतर केलें. १९७४ मध्यें तिची सरकारी परीक्षाहि झाली, पण तेथेंच तें प्रकरण संपलें. डिसेंबर १९९७ मध्यें जपानांत टोयोटाची 'प्रियस' विक्रीस आली, तेव्हां कुठें संकरित गाडी सामान्य गृहस्थाच्या दारांत उभी राहिली.

आतां आकडा ठरतो कसा तें पाहूं. अमेरिकेंत गाडी बंद प्रयोगशाळेंत रुळांवर चढवितात आणि चालक आंखून दिलेल्या गतीबरहुकूम ती चालवितो. जुन्या परीक्षेंत हमरस्त्याची सर्वाधिक गति ताशीं ६० मैल होती आणि वातानुकूलन बंद असे. या लाडक्या परीक्षेंत २००४ च्या प्रियसनें गॅलनला शहरांत ६० व हमरस्त्यावर ५१ मैल मिळविले. प्रत्यक्ष रस्त्यावर एवढें पदरांत पडेना, म्हणून मालक कुरकुरूं लागले. अखेर २००८ सालच्या गाड्यांपासून वेगवान हांकणी, उन्हाळ्यांतील वातानुकूलन आणि कडाक्याची थंडी यांचाहि हिशेब धरण्यांत आला. त्याच प्रियसचे आकडे ४८ व ४५ वर उतरले. आपल्या मापानें शहरांत लिटरला २५.५ चे सुमारें २०.४ किलोमीटर झाले.

यांत लबाडी होती असें मला वाटत नाहीं. संकरित गाडी ब्रेक लावतांना वायां जाणारी शक्ति विजेच्या रूपानें बॅटरींत सांठविते आणि सिग्नलवर इंजिन बंद ठेविते. म्हणूनच तिचा शहरांतील आकडा हमरस्त्यापेक्षां मोठा. साध्या गाडीचें नेमकें उलट. उलटपक्षीं, थंडींत इंजिन तापविण्यासाठीं तें चालूच ठेवावें लागतें, आणि मूळचा खर्चच थोडा असल्यामुळें वातानुकूलनाचा भार तिला प्रमाणानें अधिक जाणवतो. काटकसरी घरांत एक पाहुणा आला तरी महिन्याचा मेळ बिघडतो, तसेंच हें.

येथें माझ्यांतला शाळामास्तर जागा होतो. आकडा किलोमीटरांचा असला, तरी पैसे लिटरांचे द्यावयाचे असतात! २०२२ मधील होंडा सिटी घ्या. साध्या पेट्रोल गाडीचा आकडा १७.८, संकरित गाडीचा २६.५. शंभर किलोमीटरांस पहिलीला सुमारें ५.६ लिटर, दुसरीला ३.८, बचत १.८ लिटरांची. समजा, रस्त्यावर दोघींचे आकडे सारखेच २० टक्क्यांनीं घटले. तर खर्च ७.० व ४.७ लिटर होतो, म्हणजे बचत २.३ लिटरांवर जाते. आकडा खोटा ठरला आणि बचत वाढली! संकरित गाडी ३० टक्क्यांनीं घटली असें धरलें, तरी सुमारें १.६ लिटर उरतातच. पण केवळ मुंबई-पुणें द्रुतगति-मार्गावर एकसारखी दौड करणाऱ्यानें एवढी आशा धरूं नये. तेथें ब्रेकांतून परत मिळविण्याजोगें थोडेंच असतें.

आपल्याकडील आकडाहि प्रयोगशाळेंतलाच. तो ज्या 'एआरएआय'च्या नांवानें ओळखला जातो ती संस्था १९६६ पासूनची, पुण्याचीच.

घरीं वीज भरून घेण्याच्या संकरित गाड्यांची कथा मात्र निराळी. मार्च २०२४ मध्यें युरोपीय आयोगानें २०२१ सालच्या गाड्यांतील मापकांवरून अहवाल प्रसिद्ध केला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा रस्त्यावरील धूर प्रयोगशाळेहून सुमारें २० टक्क्यांनीं अधिक निघाला. या गाड्यांचा जवळजवळ साडेतीन पट. परीक्षेंत गृहीत धरलें होतें तितक्या वेळां मालक त्यांत वीज भरीतच नव्हते.