बॅकअप नसलेली फाईल

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ‘बॅकअप नव्हता’ हे दोन शब्द ऐकले तरी पोटात गोळा येतो. आजच्या गोष्टीत बॅकअप नव्हता तो लाखो सैनिकांच्या नोंदींचा.

१२ जुलै १९७३. अमेरिकेत सेंट लुईस शहराजवळ नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर. माजी सैनिकांच्या फायली ठेवायची सरकारी जागा. मध्यरात्रीनंतर सहाव्या मजल्यावर आग लागली. तिथे पाणी फवारणारे स्प्रिंकलर नव्हते. आग पूर्ण विझायला चार-पाच दिवस गेले. अंदाजे १.६ ते १.८ कोटी फायली संपल्या. १९१२ ते १९६० दरम्यान लष्करातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या! म्हणजे दोन महायुद्धं आणि कोरिया. दुसरी प्रत नाही, मायक्रोफिल्म नाही. यादीसुद्धा नाही, म्हणजे नेमकं काय गेलं हेही सांगता येईना.

आता म्हणाल, जुने कागद, त्यात काय एवढं? तर बघा. समजा, कोरियाच्या थंडीत एखाद्याच्या पायाची बोटं कायमची निकामी झाली. भत्ता मागायला गेला, तर पहिला प्रश्न: ‘तुम्ही सैन्यात होता याचा पुरावा?’ बोटं नाहीत हे दिसतंय, पण कागद जळालाय.

मग पुरावा आला कुठून? दुसऱ्या खात्यांच्या कपाटांतून. शेवटच्या पगाराची व्हाउचर्स हिशेबखात्याकडे होती. रोज सकाळी तुकडीत कोण आलं, कोण गेलं, कोण आजारी, याचे अहवाल होते. काही वर्षांच्या लष्करी दवाखान्यांतल्या नोंदी केवळ आकडेवारीसाठी टेपवर चढवल्या होत्या. त्यांत नावं नव्हती, फक्त सेवा क्रमांक! आणि गंमत म्हणजे, ज्यांनी आगीआधीच भत्त्याचा दावा केला होता, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे कागद माजी सैनिक खात्याकडे गेले होते, म्हणून वाचले.

आजही अर्ज करायचे दरवाजे दोन आहेत, ते याचमुळे लक्षात ठेवायचे. सेवेची फाईल हवी तर स्टँडर्ड फॉर्म १८० किंवा ऑनलाइन अर्ज. त्यात सैन्यात असतानाचं नाव, दल, सेवा क्रमांक, तारखा आणि सही. दाव्याची फाईल हवी तर माजी सैनिक खात्याकडे वेगळा अर्ज, फॉर्म २०-१०२०६. पहिल्या दरवाज्यातून ‘फाईल जळाली’ असं उत्तर आलं, तर तिथेच थांबायचं नाही. तुकडी कुठली, उपचार कुठे झाले, जे आठवेल ते लिहून द्यायचं. त्यावरूनच तिथली माणसं बाकीची कपाटं शोधतात.

सैनिक हयात नसेल तर जोडीदार, आईवडील, मुलं, भावंडं मागू शकतात. नातवंडं त्या यादीत नाहीत. पण सेवा संपून ६२ वर्षं झाली की ती फाईल कुणालाही मागता येते. म्हणजे कोरियात लढलेल्या आजोबांची फाईल आज नातवालाही मिळू शकते.

फक्त आजोबा असतील, तर त्यांचा सेवा क्रमांक आजच विचारून घ्यावा. काही नोंदींमध्ये त्यांची तेवढीच ओळख उरली आहे.

भेटू पुढच्या भागात!