सर्व्हर दूर, फाइल जवळ

1980 च्या दशकात सन कंपनीच्या वर्कस्टेशनवर काम करणाऱ्यांच्या पोटात एका ओळीने गोळा यायचा. एनएफएस सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे, अशा अर्थाची ती ओळ. एनएफएस म्हणजे सनची नेटवर्कवरून फाइली सामायिक करायची व्यवस्था; त्यातली फाइल असायची दुसऱ्याच खोलीतल्या मशिनवर. ते मशिन बंद पडलं किंवा मधली केबल सुटली, की चालू प्रोग्रॅम जागच्या जागी थिजायचा. वाट पाहण्यापलीकडे इलाज नसे.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठात हा प्रश्न फारच मोठा होऊन बसणार होता. 1982 मध्ये विद्यापीठाने आयबीएमबरोबर ‘अँड्र्यू’ प्रकल्प हाती घेतला. संस्थेशी जोडलेले अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन, दोघांचंही पहिलं नाव एकच, त्यामुळे बारसं सोपं गेलं. उद्दिष्ट मात्र सोपं नव्हतं: पाच हजारांहून जास्त वर्कस्टेशनांना एकच फाइलव्यवस्था पुरवायची. प्रत्येक अक्षरासाठी सर्व्हरचं दार ठोठावलं असतं तर सर्व्हर पहिल्याच आठवड्यात कोलमडला असता. म्हणून अँड्र्यू फाइल सिस्टीम, म्हणजे एएफएस, फाइल उघडताच ती अख्खी स्थानिक डिस्कवर आणू लागली आणि बंद केल्यावर, बदल झाला असेल तरच, परत पाठवू लागली.

हे सगळं वेगासाठी केलं होतं. पण त्याचा एक अर्थ असाही होता की माणसाला लागणाऱ्या बऱ्याचशा फाइली आधीच त्याच्या टेबलावरच्या डिस्कवर पडलेल्या असत. तरीही सर्व्हर गेला की त्या प्रतींवर विसंबता येत नसे. ताट समोर वाढलेलं आणि हात बांधलेले!

हा विरोधाभास मनावर घेतला महादेव सत्यनारायणन यांनी. ते मद्रासच्या आयआयटीत शिकून कार्नेगी मेलनला आले, तिथेच 1983 मध्ये डॉक्टरेट केली आणि एएफएसच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. 1987 मध्ये त्यांनी ‘कोडा’ हा पुढचा प्रकल्प सुरू केला. त्यांचे विद्यार्थी जेम्स किसलर यांनी या व्यवस्थेला संपर्काविना चालायला शिकवलं आणि 1991 मध्ये दोघांनी त्यावरचा शोधनिबंध मांडला. मुद्दा एका ओळीत मावतो: वेगासाठी ठेवलेली प्रत अडचणीच्या वेळीही कामाला लावा.

तोवर पोर्टेबल संगणक आले होते आणि हौशी मंडळी हेच काम हाताने करत होती. घरी निघण्याआधी हव्या त्या फाइली उतरवून घ्यायच्या, परतल्यावर बदललेल्या पुन्हा चढवायच्या. एखादी फाइल राहून गेली की घरी काम अडलं. कोडाने हा उपद्व्याप यंत्राकडे सोपवला. संपर्क असतानाच पावसाळ्याआधीच्या बेगमीसारखी फाइलींची साठवण चाले आणि व्यवस्था दर दहा मिनिटांनी ती तपासून ताजी करी. कशाला किती महत्त्व, हे वापरणारा यादीत लिहून देई. निबंधात किसलर यांची स्वतःची यादी नमुन्यादाखल दिली आहे: लेखांच्या फोल्डरला 100 गुण आणि त्यातल्या ‘एसओएसपी’ या फोल्डरला 1000. एसओएसपी म्हणजे जिथे हा निबंध वाचला गेला तीच परिषद! कोणत्या फाइलीवाचून त्यांचं घरी अडलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

संपर्क तुटला की लॅपटॉपवरचा ‘व्हीनस’ हा प्रोग्रॅम स्वतःच सर्व्हरचं सोंग घेई आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवी. एकच फाइल दहादा साठवली तरी शेवटची आवृत्तीच धरायची, म्हणजे नोंदवही फुगत नसे. जोडणी परत आली की ती नोंदवही सर्व्हरवर क्रमाने वाचली जाई. काही तासांच्या विरहानंतर हे मीलन साधारण मिनिटभरात उरके, आणि त्या काळात 100 एमबीची डिस्क पुरेशी पडे.

खरी भीती वेगळीच होती. आपण घरी बसून फाइल बदलली आणि तिकडे ऑफिसात दुसऱ्यानेही तीच बदलली, तर? सावध उपाय म्हणजे फाइलीला कुलूप लावणं; पण कुलूपवाला दोन दिवस गायब झाला तर बाकीच्यांनी काय करायचं? कोडाने कुलूप नाकारलं, आणि त्यामागे आकडे होते. विद्यापीठातल्या एएफएस सर्व्हरांवर वर्षभर केलेल्या पाहणीत 99 टक्क्यांहून अधिक बदल आधीच्याच लेखकाने केलेले निघाले. एका दिवसाच्या आत दोन वेगळ्या माणसांनी एकच गोष्ट बदलण्याची शक्यता जास्तीत जास्त 0.75 टक्के. सामायिक म्हणून मिरवणाऱ्या फाइली बहुतेक वेळा एकाच माणसाच्या असतात, हे या संशोधनातलं सर्वांत खट्याळ सत्य म्हणायला हवं. उरलेल्या टक्करींसाठी न जुळलेले बदल वेगळ्या फाइलीत बांधून माणसाच्या हवाली केले जात.

विद्यापीठाबाहेर गोष्टी जरा वेड्यावाकड्या घडल्या. 1989 मध्ये आलेल्या लोटस नोट्सने संपूर्ण डेटाबेसची प्रत जवळ ठेवायची सोय दिली. विंडोज 95 ने ‘ब्रीफकेस’ दिली, पण ती जुन्या हातकामालाच दिलेली नीटनेटकी पेटी होती. कोडातल्या कल्पना कोट्यवधी टेबलांवर पोहोचल्या त्या विंडोज 2000 पासून. तिथे नेटवर्कवरच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून तो ऑफलाइन उपलब्ध ठेवायला सांगितलं, की चिन्हाच्या कोपऱ्यात दोन छोटे बाण उमटत. मग डेक्कन क्वीनमध्ये घाटातल्या बोगद्यांतून जातानाही ऑफिसची एक्सेल शीट भरता येई. अ‍ॅक्सेसचे डेटाबेस आणि आउटलुकच्या पीएसटी फाइली मात्र मुळात वगळलेल्या असत. मोठ्या, सतत बदलणाऱ्या अशा फाइली दोन्हीकडून बदलल्या तर जुळवणार कशा? पण हा नियम ठाऊक नसलेला माणूस घरी पोहोचून डोक्याला हात लावत असे.

ड्रू ह्यूस्टन एकदा बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाले आणि पेन ड्राइव्ह विसरले. त्या वैतागातून 2007 मध्ये ड्रॉपबॉक्सची सुरुवात झाली. आता संपूर्ण फोल्डरच मशिनवर असे, नेट असो वा नसो. टक्कर झाली तर ड्रॉपबॉक्स कुणाचंही काम पुसत नसे. दुसरी प्रत वेगळ्या नावाने शेजारी ठेवून देई आणि निवाडा आपल्यावर सोपवी.

दहा वर्षांनी मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्हवर ‘फाइल्स ऑन डिमांड’ आणलं. जागा वाचावी म्हणून आता यादी तेवढी लॅपटॉपवर दिसते आणि फाइल उघडल्यावरच खाली उतरते. विमानात बसण्याआधी उजवं क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावं लागतं. म्हणजे कशावाचून अडेल याची यादी पुन्हा आपणच करायची, किसलर यांच्या गुणांच्या आकड्यांशिवाय.