नाव कोणाच्या दप्तरी? डोमेन नोंदणीची कथा

१/ १८९० साली पोशीर हे गाव ठाणे जिल्ह्यात होते. १८९१ मध्ये कर्जत तालुका कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला आणि पोशीर कुलाब्याचे झाले. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचे नाव रायगड झाले. गाव जागचे हलले नाही. त्याच नावाची नदीही पूर्वीप्रमाणेच उल्हासेला मिळत राहिली. बदलले ते गावाचे दप्तर. नाव कायम आणि त्यापुढील नोंद बदलती, ही व्यवस्था आंतरजालाने फार उशिरा स्वीकारली.

२/ संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे नावांनी. १९७० च्या दशकात अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरील सर्व नावे एकाच फाईलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर व त्यांचे सहकारी हे दप्तर सांभाळीत. जाळे वाढले, तशी एकच वही अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम मांडली. तीत प्रत्येक शाखेचे दप्तर वेगळे झाले.

३/ १५ मार्च १९८५ रोजी 'सिम्बॉलिक्स.कॉम' हे पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले. ८ मे १९८९ रोजी भारताच्या वाट्याला 'डॉट इन' ही शाखा आली. तिचे दप्तर मुंबईत होते, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे. नियम कडक होते. १९९२ ते २००४ या काळात साऱ्या देशातून सुमारे ७,००० नावांचीच नोंद झाली.

४/ तिकडे अमेरिकेत १९९३ पासून नेटवर्क सोल्युशन्स ही एकच कंपनी डॉट कॉम नावे देत असे. प्रारंभी नोंदणी विनामूल्य होती. सप्टेंबर १९९५ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क बसले. दुसरा दरवाजाच नसल्याने विश्वासू व स्वस्त नोंदणीकार निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

५/ सप्टेंबर १९९८ मध्ये 'आयकॅन' ही संस्था स्थापन झाली आणि १९९९ मध्ये ही मक्तेदारी मोडली. प्रयोगादाखल पाच नव्या नोंदणीकारांना प्रवेश मिळाला. एकच काम दोन हातांत विभागले गेले. मूळ वही सांभाळते ती रजिस्ट्री. ग्राहकाकडून पैसे व माहिती घेऊन त्या वहीत नोंद करविणारा तो रजिस्ट्रार, म्हणजे नोंदणीकार. महाराष्ट्रातील वाचकाला सातबाऱ्यावरून हे चटकन उमगेल: अर्ज कोणाच्याही हाती पाठविला, तरी शेवटी उताऱ्यावर नाव कोणाचे चढले, यालाच महत्त्व.

६/ स्पर्धेने भाव उतरले. रजिस्ट्रीने नोंदणीकाराकडून घ्यावयाचा घाऊक दर प्रथम वर्षाला नऊ डॉलर होता, तो २००० च्या आरंभी सहा डॉलर झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉट कॉमचा हा दर १०.२६ डॉलर झाला. हा आकडा लक्षात असला की जाहिरात वाचता येते. शंभर-दीडशे रुपयांत डॉट कॉम देणारा दुकानदार पहिल्या वर्षी तोटा सोसतो. तो भरून निघतो दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणात, किंवा सोबत गळ्यात मारलेल्या सेवांतून.

७/ या नव्या बाजारात मुंबईही उतरली. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या बंधूंनी १९९८ मध्ये 'डायरेक्टी' सुरू केली. तिच्या छत्राखाली पुढे रिसेलरक्लब व बिगरॉक ही नावे उभी राहिली. २०१४ मध्ये हा डोमेन व्यवसाय अमेरिकी एन्ड्युरन्स समूहाकडे गेला. या व्यवसायामुळे गावोगावचे संगणक व्यावसायिक 'रिसेलर' होऊ शकले. नाव घेणे सुलभ झाले, पण ग्राहक आणि मूळ वही यांच्यामध्ये आणखी एक मध्यस्थ उभा राहिला.

८/ नावाची किंमत न्यायालयातही ठरू लागली. मुंबईच्या 'रेडिफ' या संकेतस्थळाशी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव दुसऱ्या कोणी घेतले. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या नावाच्या वापराला मनाई केली. डोमेन हा निव्वळ पत्ता नसून व्यवसायाची ओळख आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २००४ रोजी सत्यम इन्फोवेच्या खटल्यात मान्य केले.

९/ तथापि ओळख हरवण्यासाठी चोरच लागतो असे नाही. 'रजिस्टरफ्लाय' हा स्वस्त अमेरिकी नोंदणीकार २००७ मध्ये कोसळला. ग्राहकांनी नूतनीकरणाचे पैसे भरले होते, परंतु अनेकांची नोंद मूळ वहीपर्यंत पोहोचलीच नाही. त्यांची नावे मुदत संपून गेली. मार्च २००७ मध्ये आयकॅनने त्याची मान्यता काढून घेण्याची नोटीस दिली आणि पुढे साडेआठ लाखांहून अधिक नावे दुसऱ्या नोंदणीकाराकडे सोपविली गेली. ज्यांची नोंद ओळख झाकणाऱ्या सेवेच्या नावे होती, त्यांना आपला हक्क सिद्ध करणे अधिकच कठीण गेले. ग्राहकांच्या नोंदींची प्रत तिसऱ्या संस्थेकडे सुरक्षित ठेवण्याचा नियम कागदावर होता. त्याची अंमलबजावणी या आपत्तीनंतर काटेकोर झाली.

१०/ भारतात २००५ हे वर्ष निर्णायक ठरले. डॉट इनचे दप्तर 'निक्सी' या संस्थेकडे आले, नियम सैल झाले आणि मान्यताप्राप्त नोंदणीकारांमार्फत कोणालाही नाव घेता येऊ लागले. मार्च २०१० पर्यंत नोंदी सहा लाखांच्या पुढे गेल्या.

११/ २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' ही देवनागरी शाखा खुली झाली. मराठीसह आठ भाषांना आपल्या लिपीत नाव घेता येऊ लागले. 'पोशीर' असे नाव आता पोशीरच्याच अक्षरांत नोंदविणे शक्य झाले. येथे एक बारकावा आहे. 'पोशीर' आणि 'पोशिर' यांत माणसाला एकच गाव दिसते. संगणकाला मात्र ती दोन निराळी नावे वाटतात. रेडिफ-रॅडिफचा वाद मराठीत एका वेलांटीवरही होऊ शकतो. म्हणून दोन्ही रूपे घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

१२/ फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' ही राखीव शाखा जाहीर केली. ३१ ऑक्टोबर २०२५ ही स्थलांतराची मुदत होती. नोंदणीकार एकच, हैदराबादची 'आयडीआरबीटी' ही संस्था. १९९९ मध्ये स्वस्ताईसाठी अनेक दरवाजे उघडले गेले. बँकांपुरता विश्वासासाठी पुन्हा एकच ठेवला गेला.

१३/ कर्जत-खालापूर पट्ट्यात शेतघर भाड्याने देणारा शेतकरी असो वा पापड-मसाले विकणारा बचत गट, त्याला या इतिहासातून पाच कसोट्या मिळतात:
• नोंदणीकाराचे नाव आयकॅनच्या किंवा निक्सीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का?
• दुसऱ्या वर्षाचा दर पहिल्या पानावर स्पष्ट लिहिला आहे का?
• नाव दुसरीकडे हलविण्याचा सांकेतिक शब्द मागताच मिळतो का? (नव्या डॉट कॉम नावाला पहिले ६० दिवस सहसा हलविता येत नाही.)
• मुदत चुकल्यास नाव सोडवून घेण्याचे शुल्क किती? डॉट कॉम रद्द झाल्यावर ३० दिवसांची अखेरची संधी असते, पण ती महाग पडते.
• नोंदीतला ईमेल स्वतःचा आहे, की संकेतस्थळ बनवून देणाऱ्याचा?

१४/ पाचवी कसोटी सर्वांत कमी पाहिली जाते, आणि नाव हातचे जाते ते बहुधा तेथेच. मुलाने, मित्राने वा संकेतस्थळ करणाऱ्याने सोयीसाठी स्वतःच्या नावे नोंद केलेली असते. धंदा वाढतो, संबंध बिघडतात, आणि फलकावर, पावत्यांवर, ग्राहकांच्या तोंडी रुळलेले नाव दुसऱ्याच्या खात्यात अडकून पडते. जमीन घेतल्यावर जाणता शेतकरी खरेदीखतावर थांबत नाही. फेरफार मंजूर झाला की ताजा उतारा काढून त्यावरचे नाव तो स्वतः वाचतो. डोमेनचे पैसे भरल्यावरही तेच करावे: खाते उघडावे, 'रजिस्ट्रंट' हा रकाना शोधावा आणि तेथे कोणाचे नाव आहे ते वाचावे.