पुसायच्या नोंदी

डोंगरीचा तुरुंग मराठी वाचकाला ठाऊक आहे तो आगरकरांमुळे. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक-आगरकर तिथे एकशे एक दिवस होते आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिले. त्याच वास्तूत पुढे मुले आली, हे मला फार उशिरा कळले. मुंबई इलाख्याचा बालक कायदा १९२४चा. शहरात तो लागू झाला १९२७मध्ये. त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि पुढे उमरखाडीच्या त्या जुन्या तुरुंगात रिमांड होम आले. मुलांना मोठ्यांच्या कोर्टातून बाहेर काढले खरे, पण भिंती कैद्यांच्याच राहिल्या.

मूल कोणाला म्हणायचे? १९८६च्या कायद्याने मुलगा सोळापर्यंत, मुलगी अठरापर्यंत धरली. २०००च्या कायद्याने दोघांनाही अठरा. पण वय मोजायचे कोणत्या दिवशीचे? गुन्ह्याच्या वेळी पंधराचा असलेला मुलगा हजर करेपर्यंत सोळा ओलांडतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हजर केल्याचा दिवस धरला होता. २००५मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरवला आणि गुन्ह्याचा दिवस ठरवून दिला. तारखेच्या एवढ्याशा फरकावर मुलगा कोणत्या दारातून आत जाणार, हे ठरत होते.

आणि बाहेर पडल्यावर? अमेरिकेत अनेक राज्यांत अशा फायली मोहरबंद करतात. आपला २०१५चा कायदा म्हणतो, अपिलाची मुदत उलटली की ठरलेल्या काळानंतर दोषसिद्धीची नोंद नष्ट करा. सोळा ते अठरामधल्या, अतिगंभीर गुन्ह्यात बाल न्यायालयाने दोषी धरलेल्यांना ही सवलत नाही. प्रकरण मिटलेले असेल, तर चारित्र्याच्या दाखल्यासाठीही पोलिसांनी ते उघड करायचे नाही.

मी कागदांवर जगणारा माणूस. नोंद नष्ट करा म्हटले की पोटात गोळा येतो. काही वर्षांपूर्वी रद्दीत मला आमच्या तालुक्यातली १९३१ सालची कसर लागलेली फौजदारी नोंदवही मिळाली. त्यात बारा वर्षांचा एक मुलगा : नाव, बापाचे नाव, गाव, पितळी तांब्या चोरल्याचा आरोप. ती वही आजच्या कायद्याच्या कितीतरी आधीची. पण ते आडनाव त्या गावात आजही आहे, त्यातल्या एका घरी मी चहा प्यायलो आहे.

नोंद उतरवताना नावाची जागा मी कोरी सोडली. माझे एक मित्र याला अर्धवट संशोधन म्हणतात. तांब्या मात्र लिहून ठेवला आहे.