सुलतानपूर-नंदुरबारची सरहद्द आणि बहमनींना मिळालेले पाठबळ

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, तरी सरहद्दीचा मुलूख म्हणून या भूमीला असलेले महत्त्व पंधराव्या शतकापासून दिसते. तापीच्या उत्तरेस सुलतानपूर, जे आज शहादे तालुक्यातील एक लहान गाव आहे, आणि दक्षिणेस नंदुरबार असे दोन परगणे, म्हणजे महसुलासाठी एकत्र बांधलेले गावांचे गट, त्या काळी गुजरातच्या सुलतानांकडे होते. पूर्वेस फारुकी घराण्याचे खानदेश, सातपुडा व नर्मदा ओलांडल्यावर मांडूच्या खिलजींचा माळवा आणि दक्षिणेस बीदरच्या बहमनींचे राज्य असल्यामुळे चार सत्तांचे हिशेब येथे एकमेकांत गुंतत. सुरत-बऱ्हाणपूर ही व्यापारी वाटही नवापूर, नंदुरबार व थाळनेर यांवरून जाई. सतराव्या शतकात त्या वाटेने गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूरच्या सुवासिक तांदळाची आवर्जून नोंद केली आहे.

या सरहद्दीने मैत्रीआधी वैर पाहिले. 1417 च्या सुमारास खानदेशच्या नासीरखान फारुकीने माळव्याच्या मदतीने आपल्या भावाकडून थाळनेर घेतले आणि लगोलग सुलतानपूर-नंदुरबारवर चाल केली. गुजरातच्या अहमदशाहाने ती परतवून लावली. 1429 मध्ये झालावाडचा राजा कान्हा गुजरातशी बिघडल्यामुळे खानदेशातून बहमनींच्या आश्रयास गेला, तेव्हा बहमनी फौजेने त्याच्या बाजूने नंदुरबारचा मुलूख लुटला आणि अखेर गुजरातच्या सैन्याकडून पराभव पत्करला. पुढे जे घडले त्याचे मोल या लुटीची आठवण ठेवूनच करावे लागते.

1461 मध्ये बीदरच्या गादीवर निजामशाह हा आठ वर्षांचा मुलगा आला आणि कारभार राजमाता व महमूद गावान यांच्यासारख्या मुत्सद्द्यांच्या हाती राहिला. ही संधी साधून माळव्याचा महमूद खिलजी दख्खनवर चालून आला. आजच्या नांदेड जिल्ह्यातील कंधारजवळ बहमनी सैन्य मोडले, बीदर शत्रूच्या हाती जाण्याची वेळ आली आणि राजमातेने बालराजाला भीमेकाठच्या फिरोजाबादेस हलवले. त्याच वेळी गुजरातकडे मदतीची पत्रे गेली. तेथील महमूदशाह, जो पुढे बेगडा या नावाने प्रसिद्ध झाला, तेव्हा स्वतः जेमतेम सतरा वर्षांचा होता. जुनी लूट उगाळत न बसता तो तत्काळ निघाला, वाटेत दुसरे तितकेच निकडीचे पत्र त्याला मिळाले आणि महमूद गावान येऊन मिळताच तो बऱ्हाणपूरच्या रोखाने वेगाने सरकला. गुजरातहून बऱ्हाणपूर गाठण्याचा सरळ मार्ग तापीच्या खोऱ्यातला असल्यामुळे हे दोन परगणे हाती नसते, तर इतक्या त्वरेने दख्खनच्या दाराशी पोहोचणे गुजरातला साधले नसते. खिलजीने मोठी लढाई न देता गोंडवनातून माघार घेतली आणि त्या रानात तहानेने व गोंडांच्या हल्ल्यांनी त्याचे पाच-सहा हजार लोक गेल्याचे इतिहासकार सांगतात.

पुढल्याच स्वारीत खिलजी दौलताबादेपर्यंत मुलूख उजाड करत आला. बहमनींनी पुन्हा हाक दिली, गुजरातचे सैन्य पुन्हा निघाले आणि त्याची चाहूल लागताच माळव्याची फौज परत फिरली. यानंतर महमूदशाहाने मांडूला पत्र पाठवून बजावले की, दख्खनला उपद्रव देणे थांबले नाही, तर गुजरातचे सैन्य थेट मांडूवर येईल. या प्रकरणाचा खरा गाभा हे पत्रच आहे, कारण रणांगणावरील मदत एका मोसमापुरती असते, तर असा इशारा पुढच्या प्रत्येक स्वारीची किंमत आधीच वाढवून ठेवतो. अर्थात सरहद्दीकडे दोनदा निघालेली फौज पाठीशी नसती, तर त्या कागदाला मांडूत वजन आले नसते.

गुजरातच्या या वागण्यात स्वार्थ नव्हता असे म्हणता येणार नाही. 1451 मध्ये हाच खिलजी गुजरातवर चालून गेला होता आणि कपडवंजला हरला होता. 1456 मध्ये मेवाडविरुद्ध दोघांचा करार झाला, तरी दख्खन गिळलेला माळवा गुजरातला परवडणारा नव्हता. तरीही दुबळ्या झालेल्या बहमनींकडून मोबदल्यात प्रदेश न मागता महमूदशाह परत गेला, हे त्या शतकाच्या रीतीत उठून दिसते आणि त्याचे श्रेय त्याला मोकळेपणाने द्यायला हवे. महमूद गावाननेही हा संबंध पत्रव्यवहाराने जपला; ‘रियाज-उल-इन्शा’ या त्याच्या फार्सी पत्रसंग्रहात गुजरातच्या सुलतानाला लिहिलेली पत्रे आहेत.

माळवा आणि बहमनी यांचा वाद पुढे खेर्ल्याचा किल्ला माळव्याकडे आणि वऱ्हाड बहमनींकडे अशा तहाने मिटला. सुलतानपूर-नंदुरबार सोळाव्या शतकात गुजरातच्या तिसऱ्या महमूदाने फारुकींना देऊन टाकले आणि अकबराच्या काळी ‘आईन-इ-अकबरी’त नंदुरबार ही सरकार, म्हणजे अनेक परगण्यांचा मोठा विभाग, माळवा सुभ्यातच नोंदली गेली.