अनुकृतिचित्रण

अनुकृतिचित्रण म्हणजे एखादी अभिजात कलाकृती समोर ठेवून ती पुन्हा रंगवत चित्रतंत्र आत्मसात करण्याची अभ्यासपद्धती होय. तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकताना तिचा विशेष उपयोग होतो. प्रत्यक्ष व्यक्ती समोर असताना साम्य, प्रकाश आणि रंग यांचे प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. अनुकृतीत मूळ चित्रकाराने ते कसे सोडवले हे विद्यार्थ्याला थरागणिक शोधता येते.

पद्धत

चौकटी आखून मूळ चित्राचे रेखाटन कॅनव्हासवर उतरवले जाते. पहिल्या थरात टर्पेंटाइनने पातळ केलेल्या एकाच मातकट रंगात केवळ छायाप्रकाश मांडतात. तो वाळल्यावर त्वचेचे रंग, नंतर पारदर्शक थर आणि शेवटी कपाळ, नाक अशा उजेडाच्या जागी जाड रंग दिला जातो. खालच्या थरांपेक्षा वरच्या थरांत तेलाचे प्रमाण अधिक ठेवतात. अन्यथा वरचा थर आधी वाळून त्याला भेगा पडतात. छापील प्रतीवरून रंगाची जाडी व थरांचा क्रम नीट कळत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मूळ चित्रांसमोर बसून अनुकृती करता येते. मात्र बनावट चित्रे टाळण्यासाठी अनुकृतीचा आकार मूळ चित्राहून वेगळा ठेवावा लागतो.

पुणे

युरोपीय धाटणीचे तैलरंगातील व्यक्तिचित्रण पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्यात आले. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने १७९२ मध्ये सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे चित्र रंगवले. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळाही सुरू झाली. गंगाराम तांबट यांनी वेल्सचे साहाय्यक म्हणून काम केले. १७९५ मध्ये वेल्सचा मृत्यू झाला. त्याच्या रेखाटनांच्या आधारे टॉमस डॅनियल याने १७९० च्या तहाचा पुणे दरबारातील प्रसंग तैलरंगात साकारला.

अजिंठ्याच्या अनुकृती

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या अनुकृती कॅनव्हासवर तैलरंगात करवून घेतल्या. त्यांत सहभागी असलेले पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपास आले. लंडनला पाठवलेल्या अनुकृतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर लावलेले व्हार्निश कालांतराने काळवंडले आणि भित्तिचित्रांची हानी झाली. त्यामुळे मूळ कृतीला स्पर्श न करता अभ्यास करणे, ही या पद्धतीची आवश्यक मर्यादा मानली जाते.